सात नंबरच्या गाडीवरचा बाजार

न्यू यॉर्कच्या क्वीन्समधून सात नंबरची मेट्रो जाते. तिचा तिथला बहुतेक मार्ग रस्त्याच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून आहे, त्यामुळे खिडकीत बसून दुकानांच्या पाट्या वाचत जाता येतं. वुडसाइडला फिलिपिनो बेकऱ्या दिसतात. ७४व्या रस्त्याला आपली साड्यांची आणि सोन्याची दुकानं आणि त्यांच्या पाठीला बांगलादेशी, नेपाळी, तिबेटी. ८२व्या रस्त्यापुढे कोलंबिया आणि इक्वाडोर, कोरोनाला मेक्सिको, आणि शेवटच्या फ्लशिंग स्टेशनावर उतरलं की चीन आणि कोरिया. १९६५ साली अमेरिकेने देशागणिक ठरवलेला कोटा काढून टाकला, आशियातली माणसं येऊ लागली आणि त्यांच्या मागून त्यांची वाणसामानाची दुकानं आली. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान शिकागोत १९७४ साली निघालं, कोरियन लोकांचं एच मार्ट १९८२ साली इथेच वुडसाइडला. आज दोघांची दुकानं अमेरिकेच्या अनेक राज्यांत आहेत.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. या मार्गावर राहून आता बरीच वर्षं झाली आणि घरातला बाजारहाट पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मंडळाच्या गणपतीत नवीन आलेली पोरं भेटतात आणि विचारतात, “काका, इथे काय काय मिळतं?” प्रसादाच्या रांगेत उभ्याउभ्या त्यांना जे सांगतो, तेच इथे जरा सविस्तर.

१. काहीतरी आपलं शोधायला जा

‘जगभरची खाद्यसंस्कृती बघायला’ म्हणून या दुकानांत शिरणारे लोक मला ओळखू येतात. हातात फोन, टोपल्यातल्या जिवंत बेडकांचे फोटो, दहा मिनिटं फिरणं आणि शेवटी सोया सॉसची एक बाटली. दुकान मात्र संध्याकाळी कामावरून परतताना रात्रीच्या जेवणाचं सामान घेणाऱ्या बायकांसाठी चाललेलं असतं आणि आपण त्यांच्या वाटेत उभे असतो. तिथे गरज घेऊन जावं. गरज असली की नजर नेमकी होते आणि बोलायला विषयही मिळतो.

माझी गरज सुक्या बोंबलाची. ७४व्या रस्त्यावरची मोठी भारतीय दुकानं डाळी, पिठं, फरसाण यांनी भरलेली. सुक्या मासळीचं नाव काढलं तर तिथला पोऱ्या जरा मागे सरकतो. शेजारच्याच ७३व्यावर बांगलादेशी दुकानं आहेत, तिथे मागच्या भिंतीला पिशव्याच पिशव्या. त्यांची ‘लोइट्टा शुटकी’ म्हणजे आपला बोंबीलच, फक्त बंगालच्या उपसागरातला. मी पिशवी उचलून वास घेतोय हे बघून गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “भाई, ये सूखा मछली है, आपको मालूम है ना?” मालूम आहे म्हटल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं. मुंबईकडचे लोक हा मासा खातात हे त्यांच्या कानावर नव्हतं. मग त्यांनी चटगावची पद्धत सांगितली: लसूण अर्धा नव्हे, पूर्ण गड्डा, कांदा भरपूर, वांगं, आणि मिरची हात न आखडता. आमच्याकडे कोकमाशिवाय हे होत नाही म्हटलं, तर त्यांनी तोंड वाकडं केलं.

तेव्हापासून माझा नियम असा झाला आहे की आपलं जे हवं ते घ्यायचं आणि त्याच फळीवरचं त्यांचं काहीतरी एक घ्यायचं.

२. दुकानदारापेक्षा शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारा

दुकानदाराला माल खपवायचा असतो किंवा वेळ नसतो. फळीसमोर उभी राहून तीन बाटल्यांमधली एक न बघता उचलणारी बाई मात्र तीस वर्षं तेच उचलत आलेली असते. तिने उचललेली बाटली घ्यावी. भाषा येत नसली तरी हातवाऱ्यांवर भागतं. कोरियन आज्यांकडून माझं सगळं शिक्षण असंच झालं आहे. त्या चुकीचा मुळा आपल्या टोपलीतून काढून परत ठेवतात, विचारायलाही थांबत नाहीत.

३. शास्त्रीय नाव फोनमध्ये ठेवा

हा सल्ला रुक्ष वाटेल, पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला हाच. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये ‘मॅकरेल’ म्हणून जो मासा मिळतो तो अटलांटिकमधला. चांगला असतो, पण बांगडा नव्हे. मांस मऊ, तेल वेगळं, आणि तिखल्यात घातला की विरघळतो. बांगड्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्ता. हे नाव घेऊन शोधलं की कळतं, फिलिपिनो लोक त्यालाच आलुमाहान म्हणतात. वुडसाइडच्या फिलिपिनो दुकानात तो गोठवलेला मिळतो. घरी आणून मिठाच्या पाण्यात सोडवला, हळद लावली, तव्यावर टाकला, की शेजारच्या बिऱ्हाडाला कळतं आज आमच्याकडे काय आहे.

अळूचंही तसंच आहे. चिनी, फिलिपिनो आणि कॅरिबियन दुकानांत तीन वेगळ्या नावांनी पानं ठेवलेली असतात. कधी ती खऱ्या अळूची असतात, कधी त्याच्या दूरच्या भावंडाची. दोन्ही खाजतात, कारण पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. चिंच घालायची आणि पुरतं शिजवायचं, हा आजीचा नियम इथेही मोडू नये.

४. तिरफळ संपलं म्हणून बांगडा अडत नाही

यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण मालवणी माणसाचा जीव यात अडकलेला असतो.

गावाहून आणलेली तिरफळं वर्षभर पुरत नाहीत, आणि पुरली तरी वास उडून जातो. इथल्या भारतीय दुकानांत ती सहसा नसतात, कारण भारतातही कोकण, गोवा आणि कारवारपलीकडे फार थोड्या लोकांना ती माहीत आहेत. पण ज्या वनस्पतीचं हे फळ, तिचं कुटुंब मोठं आहे. तिरफळ म्हणजे झँथॉक्सिलम रेत्सा. त्याच झँथॉक्सिलमची एक बहीण नेपाळात आहे, तिला तिमुर म्हणतात. मोमोसोबतच्या टोमॅटोच्या अचारात जिभेला मुंग्या आणणारी ती हीच. दुसऱ्या बहिणी चीनच्या सिचुआन प्रांतात, ज्यांच्याशिवाय तिथला मापो टोफू होत नाही. तिमुर ७४व्या रस्त्याजवळच्या नेपाळी दुकानांत मिळतं, सिचुआनची मिरी फ्लशिंगला.

ही मिरी १९६८ पासून २००५ पर्यंत अमेरिकेत आणायला कायद्याने बंदी होती. कारण तिखटपणाचं नव्हतं, झाडाच्या कुळाचं होतं. तिरफळ, तिमुर, सिचुआनची मिरी आणि आपला कढीपत्ता, ही सगळी लिंबाच्या कुळातली. या मिरीवरून लिंबूवर्गीय झाडांचा कँकर हा रोग इथल्या बागांत शिरेल अशी सरकारला धास्ती होती. बंदीच्या काळातही चायनाटाउनमध्ये माल मिळायचा, कारण ती फारशी कडक नव्हती. पुढे मिरी तापवून आणायची या अटीवर वाट मोकळी झाली. भारतातून येताना सामानातला ताजा कढीपत्ता विमानतळावर काढून घेतात त्यामागेही अशीच भीती आहे. त्यावर राहणारी एक बारीक कीड संत्र्या-लिंबांच्या झाडांना रोग लावते, आणि फ्लोरिडाच्या बागा त्या रोगाने पार झोपवल्या आहेत. काढून घेणाऱ्याशी वाद घालू नये.

आता स्वयंपाक. सिचुआनच्या मिरीत लाल आणि हिरवी असे दोन प्रकार असतात. तिरफळाच्या जवळची हिरवी. तिला लिंबाच्या सालीचा वास जास्त. वापरायची पद्धत आपलीच: आतलं काळं बी टाकून द्यायचं, साल तेवढी ठेवायची, जरा ठेचून शेवटी घालायची. मात्र तिरफळं घालता त्याच्या निम्मीच घाला. तिने जीभ बधिर होते. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली ओठांवर प्रयोग करून दाखवलं की या मुंग्या म्हणजे सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी जाणीव असते. बांगड्याच्या तिखल्यात इतकी कंपनं नकोत. तिमुर यापेक्षा सौम्य आणि जरा रानवट. तुरीच्या डाळीच्या आमटीत मला तिरफळापेक्षाही तिमुर आवडू लागलं आहे. हे गावी बोलून दाखवलेलं नाही.

५. नवीन स्वयंपाकघरात शिरायचं तर आंबटाच्या दारातून

तिखट सगळीकडे मिरचीचं आणि गोड सगळीकडे साखरेचं. खरा फरक आंबटात असतो. प्रत्येक समाजाने आपल्या हवेत पिकणारं एखादं आंबट निवडून त्याभोवती आपला स्वयंपाक उभा केला आहे. त्यामुळे अनोळखी दुकानात काय घ्यावं सुचत नसेल तर ‘तुमच्याकडे आंबट कशाचं घालतात?’ हा एक प्रश्न पुरतो.

यासाठी एकदा गाडी बदलून मॅनहॅटनला लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर जावं. तिथे कलुस्त्यान्स हे १९४४ सालचं दुकान आहे, एका आर्मेनियन गृहस्थांनी काढलेलं. याच घरात १८८१ साली चेस्टर आर्थर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती. आज तिथे फळ्यांवर मसाले आहेत. भाव चढे आहेत, पण जगातली बहुतेक आंबटं एका छपराखाली बघायला मिळतात. ओळख तिथे करून घ्यावी आणि खरेदी आपल्या गल्लीत करावी.

माझे निष्कर्ष असे. सुमाक ही तुर्की-अरबी लालसर भुकटी कांद्याच्या किंवा काकडीच्या कोशिंबिरीवर वरून घालावी, शिजवू नये. इराणी लोकांची वाळवलेली लिंबं टोचून डाळीत सोडली की डाळीला आंबटाबरोबर एक जुनाट, जरासा कडवट वास येतो. तो सगळ्यांना आवडत नाही, मला आवडतो. लेबनॉन-सीरियाकडची डाळिंबाच्या रसाची काकवी म्हणजे चिंच आणि गूळ एकाच बाटलीत. अळूच्या फदफद्यात छान जाते. जॉर्जियन लोकांची आंबट आलुबुखारांची चटणी तळलेल्या माशाबरोबर खावी. ती रशियन दुकानांत, ब्रायटन बीचला, हमखास सापडते. आणि वुडसाइडच्या फ्रीझरमध्ये कामियास नावाची गोठवलेली फळं असतात, ती म्हणजे आमच्या परड्यातली बिंबली. माशाच्या कढीत कोकमाची जागा इतक्या सहजपणे घेणारं दुसरं काही इथे नाही.

६. एकादशीचा बाजार लॅटिन दुकानात करा

आषाढी आली की आमच्यातले सगळे पटेलांकडे रांग लावतात. खरं तर उपवासाच्या ताटात काय असतं ते बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा, आणि साबुदाणा ज्याचा होतो तो टॅपिओकाचा कंद. यातलं एकूण एक मूळचं अमेरिका खंडातलं, कोलंबसानंतर आपल्याकडे आलेलं. वरी तेवढी जुन्या जगातली. विठोबाच्या नावाने आपण जे खातो त्याचं माहेर मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंत पसरलेलं आहे.

म्हणून सात नंबरच्या गाडीखालच्या रूझवेल्ट अव्हेन्यूवरच्या कोणत्याही कोलंबियन किंवा मेक्सिकन दुकानात शिरा. रताळी चांगली, शेंगदाणे ताजे. टॅपिओकाचा अख्खा कंद युका नावाने मिळतो. सोलून, उकडून, तुपात जिऱ्या-मिरचीवर परतला की साबुदाण्यापेक्षा हलका. पानेला नावाचा उसाच्या रसाचा गूळ ढेपेच्या रूपात असतो, पुरणालाही चालतो. आणि मेक्सिकन लोकांची आलेग्रिया पाहिलीत तर हसू येईल. राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या किंवा मधाच्या पाकात घालून थापलेल्या वड्या, वर शेंगदाणे. आपली राजगिऱ्याची चिक्कीच, आणि तीही खूप आधीपासून.

साबुदाणा मात्र भारतीय दुकानातूनच घ्यावा. चिनी दुकानांतले टॅपिओकाचे मोती दिसायला तसेच, पण ते उकळत्या पाण्यात सोडण्यासाठी असतात. आपल्या पद्धतीने रात्रभर भिजत घातले तर सकाळी खिचडीऐवजी खळ मिळते. कोलंबियन बेकरीतले युकाच्या पिठाचे गरमगरम पाव बघून आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारलं, “हे उपवासाला चालतील का हो?” चाललेही असते, पण आत चीजबरोबर अंडं असतं.

७. शाकाहारी असाल तर पाठीमागचा पांढरा कागद वाचा

आयात केलेल्या पुड्यावर इंग्रजीत घटक लिहिणं इथे कायद्याने भाग आहे, म्हणून मागे एक पांढरा चिकट कागद असतो. त्यावर शेवटी बहुधा नऊ ॲलर्जींपैकी लागू असतील त्यांची ओळ येते: दूध, अंडं, मासा, कोळंबी-खेकडा, काजू-बदामासारखा सुका मेवा, शेंगदाणा, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ. घाईत असाल तर ही ओळ आधी वाचा. किमचीतली किंवा थाई करीच्या गोळ्यातली मासळी आणि सुकट तिथे लगेच पकडली जाते. पण ही ओळ म्हणजे शाकाहाराचा दाखला नव्हे. डुकराची चरबी, जिलेटिन आणि कालवं या नऊंत येत नाहीत, ती वर घटकांत शोधावी लागतात. मेक्सिकन वाटलेल्या घेवड्याच्या डब्यात चरबी असू शकते, आणि ऑयस्टर सॉसमधली कालवं ॲलर्जीच्या ओळीत दिसणार नाहीत.

ज्यू लोकांच्या काही कोशर मालावर ‘पारेव्ह’ लिहिलेलं असतं. म्हणजे मांस नाही, दूधही नाही. पण अंडं आणि मासा असू शकतो.

सगळ्यात निर्धास्त खरेदी होते ती चिनी बौद्धांच्या शाकाहारी मालाची. ‘सू’ या उच्चाराचं एक चिनी अक्षर आहे, त्याचं चित्र फोनमध्ये ठेवा. कर्मठ बौद्ध स्वयंपाकात मांसमच्छी तर नसतेच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणारी माझी आत्या इथे आली तेव्हा तिचं सगळ्यात छान जमलं ते फ्लशिंगमध्ये. सोयाच्या दुधाच्या वाळवलेल्या सायीची भाजी, कमळकाकडी, ताजा टोफू. त्यावर तिचं मत एवढंच पडलं की मीठ कमी असतं.

आणि फ्लशिंगला गेलातच तर बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळात तळघरात कँटीन आहे. देऊळ १९७७ सालचं. डोसा चांगला मिळतो. दर्शन आधी घ्यावं असा दंडक आहे. रांग बघून मी कधी कधी क्रम बदलतो.

८. रोख पैसे, चाकांची गाडी, कामाचा दिवस

लहान दुकानांत दहा-पंधरा डॉलरच्या आतल्या खरेदीला कार्ड घेत नाहीत, तेव्हा रोख पैसे जवळ असावेत. दोन चाकांची ओढायची पिशवीगाडी घ्या. म्हातारं दिसायची लाज दोन दिवसांत जाते. शनिवार-रविवारी दुपारी फ्लशिंगला जाऊ नका. मासळी घ्यायची असेल तर कामाच्या दिवशी सकाळी.

९. फ्रीझरपासून सुरुवात करा

नवीन माणूस दुकानात शिरला की भाज्यांकडे जातो. मी सरळ मागच्या फ्रीझरकडे जातो, कारण समुद्रापलीकडचं खरं स्वयंपाकघर तिथे असतं. फिलिपिनो आणि थाई दुकानांच्या फ्रीझरमध्ये कोकणातलं अर्धं परडं सापडतं: केळीची पानं, खवलेलं खोबरं, शेवग्याचा पाला. केळीचं पान गोठवलेलं असलं तरी गॅसवर जरा शेकलं की लवचिक होतं, मोदकांखाली घालायला उत्तम. इंडोनेशियन स्वयंपाकात हळदीची पानं लागतात, म्हणून एल्महर्स्टच्या इंडोनेशियन दुकानात त्यांची चौकशी करून ठेवावी. नागपंचमीच्या आधी नशिबात असतील तर पातोळ्या होतात.

फणस मात्र फ्रीझरमधला घेऊ नका. चिनी दुकानांबाहेर मेक्सिकोच्या नायारितकडचे अख्खे फणस ठेवलेले असतात, आणि चिरून वजनावर मिळतात. गरे बरे. आठळ्या फुकट पडतात, त्या टाकू नका म्हणून सांगायला मी तिथल्या पोराला चक्क गाठलं होतं.

मोदकांवरून आठवलं. थाई एरावान कंपनीच्या पिठाच्या पुड्यांवर तीन तोंडांचा हत्ती असतो. लाल अक्षरांचा पुडा साध्या तांदळाचा, हिरवा चिकट तांदळाचा. हे पीठ तांदूळ भिजवून ओलं दळलेलं असतं, म्हणून धुऊन-वाळवून काढलेल्या आपल्या पिठीइतकंच बारीक लागतं. लाल पुड्यात चमचाभर हिरव्यातलं घातलं की कळ्या मोडत नाहीत. फक्त आंबेमोहराचा वास त्यात नाही, आणि तो कशानेही आणता येत नाही.

१०. लिबर्टी अव्हेन्यूला एकदा तरी जा, आणि कान उघडे ठेवा

सात नंबरवर हे ठिकाण नाही. ए गाडीने लेफर्ट्स बुलेव्हार्डला शेवटपर्यंत जावं लागतं. रिचमंड हिलचा हा भाग गयाना आणि त्रिनिदादहून आलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचा. १८३८ साली ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही दोन जहाजं कलकत्त्याहून मजूर घेऊन गयानाला पोहोचली. १९१७ पर्यंत अशी सुमारे २ लाख ३९ हजार माणसं उसाच्या मळ्यांवर करारावर नेली गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशची, काही मद्रासकडची. त्यांची नातवंडं-पतवंडं आता क्वीन्समध्ये फगवाची, म्हणजे होळीची, मिरवणूक काढतात.

त्यांच्या भाजीच्या दुकानात उभं राहणं हा विलक्षण अनुभव आहे. दुकानातल्या बाई कॅरिबियन इंग्रजी बोलत असतात, हिंदी त्यांना येत नाही, आणि त्या इंग्रजीत मधूनमधून भाजी, बैगन, करैला, दालपुरी येत राहतं. चवळीच्या हातभर लांब शेंगा जुडीने बांधलेल्या. त्यांची भाजी म्हणजे बहुतेक वेळा आपला माठ. त्रिनिदादच्या टपरीवर ‘सहीना’ मागितलात तर अळूची पानं डाळीच्या पिठात घालून तळलेली मिळतात, वर चिंचेची चटणी. अळूवडीशी नातं सांगायला कुणी पंडित लागत नाही.

मला तिथे नेहमी वाटतं की आपण, म्हणजे विमानाने आलेले भारतीय, या लोकांशी फार तुटकपणे वागतो. त्यांचे रोट मोठे, आमटी पातळ, जिरं करपेपर्यंत भाजलेलं, हे ‘खरं’ नाही अशी आमची आपापसातली टीका. कुणी पत्र लिहिणारं नाही, गावाकडून मसाल्याची पुडी येणार नाही, अशा स्थितीत पाच-सहा पिढ्या ज्यांनी हे टिकवलं, त्यांच्या आमटीला नावं ठेवायला आम्ही कोण? आमची मुलं तर दुसऱ्याच पिढीत वरण-भातावर केचप घालतात. करपवलेलं जिरं, जाता जाता सांगतो, भोपळ्याच्या भाजीत फार सुरेख लागतं.

११. हापूसचा हट्ट एका पेटीपुरता ठेवा

भारतीय आंबा अमेरिकेत १९८९ पासून बंद होता. फळमाशी आणि कोयीतला भुंगा ही कारणं. २००६ साली अध्यक्ष बुश दिल्लीत आले तेव्हा ठरलं आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या न्यू यॉर्कच्या विमानतळावर उतरल्या. त्या नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावहून विकिरणाची प्रक्रिया होऊन आल्या होत्या. कांद्याच्या बाजारपेठेचं ते गाव, आणि तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या यंत्रातून रत्नागिरीचा आंबा अमेरिकेला निघाला. याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

पण विमानाचं भाडं धरून एका पेटीला चाळीस-पन्नास डॉलर मोजायचे आणि वर निम्मी फळं डागाळलेली निघायची, हा व्यवहार वर्षातून एकदाच करावा, अक्षय्य तृतीयेला किंवा आई-वडील आलेले असताना. एरवी मेक्सिकोचा पिवळा अताउल्फो आंबा घ्या. पेटी त्याच्या पाव किमतीत येते. त्याच्यावरही संस्कार असतात, पण गरम पाण्याचे: ४६ अंशांच्या पाण्यात तास-दीड तास बुडवून मग तो सीमा ओलांडतो. रेषा नाहीत, कोय पातळ, गोडी भरपूर. सालीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबावं लागतं. तुकतुकीत असताना कापणारे लोक नंतर त्याला फिका म्हणतात. आमरसाला मी तीन अताउल्फोंत डब्यातला थोडा हापूसचा गर मिसळतो. एवढ्यात पाहुणे फसतात. रत्नागिरीचे फसत नाहीत, पण तेही दुसरी वाटी मागतात.

१२. काही मिळणार नाही

कितीही स्टेशनं पालथी घातली तरी ओले काजूगर इथे मिळत नाहीत. काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलं. त्यामुळे लॅटिन दुकानांत काहीतरी असेल या आशेने मी खूप शोधलं. एल साल्वादोरच्या लोकांच्या दुकानात मारान्यॉन नावाने बोंडांचा गर गोठवलेला मिळतो. तो पाण्यात घुसळून मीठ घातलं की घशाला तोच तुरटपणा जाणवतो. पण गर म्हणजे बोंडाचा. ओल्या बीच्या टरफलात त्वचा भाजणारं तेल असतं, त्यामुळे ती सोलायचं काम जिथल्या तिथेच होतं आणि ती जहाजावर चढत नाही.

मग एप्रिलमध्ये गावी जावं, एवढंच उरतं. पण न्यू यॉर्कच्या सरकारी शाळा जूनच्या शेवटापर्यंत चालतात. आम्ही वेंगुर्ल्याला पोहोचतो तेव्हा काजू संपलेला असतो, आंबाही संपलेला, आणि परसात पावसाने अळू मात्र कंबरेएवढं वाढलेलं. वहिनी रोज अळू करते आणि विचारते, “तुमच्याकडे मिळतं काय रे हे?”